हबर्ड ब्रूकचा पाणलोट नंबर २: पाणी नितळ होतं आणि डोंगर रिकामा होत होता

साडेपंधरा हेक्टरचा डोंगरउतार, त्यातून वाहणारा एक ओढा, आणि ओढा जिथे उतारावरून बाहेर पडतो तिथे काँक्रीटचा एक छोटा बंधारा, त्याला व्ही आकाराची खाच. एवढंच आहे हे प्रकरण. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात व्हाइट माउंटन्स नावाची डोंगररांग आहे, तिथल्या हबर्ड ब्रूक प्रायोगिक जंगलातला हा पाणलोट क्रमांक २. ओढ्याला धड नावही नाही, नुसता नंबर. पण पाणलोट, म्हणजे ज्या जमिनीवर पडलेलं पाणी एकाच ओढ्यात येतं तो भाग, हे नक्की काय असतं ते मला जेवढं या नंबर दोनने समजावलं तेवढं कुठल्या मोठ्या नदीने समजावलं नाही, म्हणून अगदी सुरुवातीपासून सगळं लिहून काढतोय, जरा लांबेल.

आपण ओढ्याकडे बघतो आणि पाणी नितळ दिसलं की धरून चालतो की वर सगळं ठीक आहे. गढूळ झालं की मग काळजी करतो, माती वाहतेय, काहीतरी करायला पाहिजे वगैरे. इथे पाणी नितळच होतं. आणि तरी वरचा डोंगर आतून रिता होत चालला होता. हे कसं झालं आणि ते कळलं कसं, या दोन प्रश्नांभोवती सगळं प्रकरण फिरतं.

आधी जागा समजून घेऊ, नाहीतर पुढचे आकडे नुसते हवेत तरंगत राहतील. हबर्ड ब्रूकची दरी साधारण वाडग्यासारखी आहे, तीन हजार हेक्टरहून थोडी मोठी. सगळ्यात खालचा भाग समुद्रसपाटीपासून २२२ मीटरवर, सगळ्यात वरचा १०१५ मीटरवर. मुख्य ओढा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत जाऊन पेमिगेवॅसेट नदीला मिळतो, ती पुढे मेरिमॅक नदी बनते आणि मेरिमॅक अटलांटिकला. या मुख्य ओढ्याला दोन्ही बाजूंच्या उतारांवरून बारके बारके ओहोळ येऊन मिळतात, त्यातला उत्तरेकडच्या उतारावरचा, म्हणजे दक्षिण-आग्नेयेकडे तोंड करून असलेला एक, हा आपला नंबर दोन. साधारण ५०० मीटरपासून ७१५ मीटरपर्यंत चढत जातो, चांगलाच उभा उतार आहे. त्याच्या आजूबाजूला १, ३, ४, ५, ६ असे त्याचे भाऊबंद आहेत, सगळे एकाच उतारावर, सारखंच जंगल, सारखाच खडक, सारखाच पाऊस. हा सारखेपणा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच उभं आहे.

खडक शिस्ट आणि त्याच्या जातीचा, जुना, कठीण, आणि महत्त्वाचं म्हणजे पाणी फारसं खाली न झिरपू देणारा. त्याच्यावर हिमनदीने मागे टाकलेला दगडगोट्यांचा मातकट थर, जो हजारो वर्षांपूर्वी बर्फाची प्रचंड चादर मागे हटताना तिथे राहिला. त्याच्यावर माती, पातळ, आम्लधर्मी, तशी गरीबच. आणि मातीवर जंगल. खालच्या मधल्या उतारावर शुगर मेपल, बीच, यलो बर्च ही पानगळीची झाडं, अगदी माथ्याकडे स्प्रूस आणि फर ही सुईसारख्या पानांची झाडं. जंगल अस्पर्श वगैरे नव्हतं बरं का, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे जोरदार लाकूडतोड होऊन गेली होती आणि १९३८ साली मोठं चक्रीवादळ येऊन गेलं होतं, त्यातून परत उभं राहिलेलं ते जंगल होतं.

आता पाणी. वर्षाला साधारण १४०० मिलिमीटर पडतं, पाऊस आणि बर्फ धरून, त्यातला पाव ते एक तृतीयांश भाग बर्फाचा. आणि गंमत म्हणजे ते बाराही महिन्यांत जवळजवळ सारखं वाटलेलं असतं, पावसाळा असा वेगळा नाही. पण ओढा मात्र बारा महिने सारखा वाहत नाही. मार्च ते मे, बर्फ वितळायला लागला की वर्षाच्या एकूण वाहण्यातलं निम्म्याच्या आसपास पाणी एवढ्या तीन महिन्यांतच निघून जातं, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तोच ओढा दोऱ्यासारखा होतो. पाऊस तर तेवढाच पडत असतो, मग ऑगस्टमध्ये पाणी जातं कुठे? झाडं पितात. पानं आली की पूर्ण उतार मुळांनी पाणी ओढतो आणि पानांवाटे हवेत सोडतो. वर्षाचा हिशोब केला तर १४०० पैकी साधारण ९०० मिलिमीटर ओढ्यातून जातं आणि राहिलेलं ५०० च्या आसपास झाडं आणि हवा मिळून नेतात.

अजून एक गोष्ट आहे जी मला स्वतःला कळायला वेळ लागला. डोंगरावर पाऊस पडला की पाणी जमिनीवरून घसरत घसरत ओढ्यात येतं असं चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. या उतारावर तसं होत नाही म्हटलं तरी चालेल. जमिनीवर पालापाचोळा आणि अर्धवट कुजलेल्या पानांचा मऊ थर असतो, तो कितीही जोराचा पाऊस पिऊन टाकतो, आणि थंडीत वर बर्फाची जाड दुलई असल्यामुळे खालची माती सहसा गोठतही नाही, त्यामुळे वसंतातलं बर्फाचं पाणीसुद्धा मातीत शिरतं. म्हणजे ओढ्यात दिसणारा जवळपास प्रत्येक थेंब मातीच्या पोटातून जाऊन आलेला असतो. मातीत जे काही विरघळण्यासारखं मोकळं पडलं असेल ते तो सोबत घेऊन येतो. सगळ्या प्रकरणाची किल्ली माझ्या मते इथे आहे.

ओढा सुरू नेमका कुठून होतो, हेही विचारून बघा. ऋतूप्रमाणे उत्तर बदलतं. वसंतात त्याची बोटं पार वरपर्यंत पसरलेली असतात, प्रत्येक खोलगट जागा ओलीचिंब होऊन पाणी सोडत असते, आणि उन्हाळ्याच्या शेवटी तीच बोटं आखडून खाली येतात, वरच्या पात्रात नुसती ओली दगडं आणि पानं. नकाशावरची निळी रेघ ही त्या हलत्या गोष्टीचा एक क्षण असते फक्त.

अमेरिकेच्या वन विभागाने हे जंगल १९५५ मध्ये पाण्याच्या अभ्यासासाठी राखून ठेवलं. सुरुवातीला प्रश्न साधा होता, जंगल आणि पाणी यांचा संबंध काय. प्रत्येक छोट्या पाणलोटाच्या तोंडाशी खडकापर्यंत खोदून बंधारा बांधला, व्ही खाचेतून पाणी पडतं, खाचेत पाण्याची उंची किती हे सतत नोंदवलं जातं आणि उंचीवरून प्रवाह काढता येतो. व्ही आकार अशासाठी की पाणी अगदी थोडं असलं तरी खाच अरुंद असल्यामुळे उंचीतला फरक नीट दिसतो आणि पूर आला तरी मोजता येतं. उतारावर जागोजागी पर्जन्यमापक. झालं, आवक पण मोजली आणि जावक पण.

मग १९६० साली डार्टमथ कॉलेजमध्ये शिकवणारे हर्बर्ट बोरमन यांनी वन विभागाच्या रॉबर्ट पियर्स यांना एक पत्र लिहिलं. कल्पना अशी की पाण्याचा जमाखर्च तुम्ही ठेवताच आहात, तर त्या पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम, पोटॅशियम, नायट्रोजन वगैरेंचाही ठेवूया का? कारण खालचा खडक घट्ट आहे, पाणी चोरवाटेने जमिनीत खोल निघून जात नाही, म्हणजे जे येतं ते पावसाबर्फातून येतं आणि जे जातं ते फक्त या खाचेतून जातं. हे फार साधं आणि फार जबरदस्त आहे. अख्खा डोंगरउतार, त्यातली लाखो पानं, मुळं, बुरशी, किडे, दगड, यातलं एकही वेगळं न मोजता नुसतं दारात उभं राहून आत काय चाललंय ते कळू शकतं. १९६३ मध्ये बोरमन, जीन लाइकन्स, नोय जॉन्सन आणि पियर्स यांनी काम सुरू केलं, दर आठवड्याला ओढ्याच्या पाण्याचं सॅम्पल, पावसाचं सॅम्पल, बाटलीत भरायचं आणि तपासायचं.

पहिल्या वर्षांत जे दिसलं ते शांत होतं. ओढ्याचं पाणी वर्षभर रासायनिकदृष्ट्या आश्चर्य वाटावं इतकं स्थिर. प्रवाह पन्नासपट वाढला-घटला तरी त्यातल्या बऱ्याच क्षारांचं प्रमाण थोडंच हलायचं. नायट्रेटचं, म्हणजे नायट्रोजनच्या पाण्यात विरघळणाऱ्या एका रूपाचं, मात्र ऋतूप्रमाणे वरखाली व्हायचं, थंडीत थोडं वाढायचं आणि झाडांना पालवी फुटली की खाली जायचं, म्हणजे झाडं ते उचलतायत. आणि नायट्रोजनचा एकूण हिशोब बघितला तर पावसातून जेवढा येत होता तेवढाही बाहेर जात नव्हता, जंगल थोडा थोडा साठवत होतं. मग साहजिकच प्रश्न आला की ही सगळी घडी बसवलीय कोणी? मातीने, खडकाने, की जिवंत झाडांनी? याचं उत्तर झाडं काढून बघितल्याशिवाय मिळणार नव्हतं.

१९६५ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, नंबर दोनवरची सगळी झाडं पाडली. सगळी म्हणजे सगळी. पण पाडून जागच्या जागी ठेवली, एक ओंडका बाहेर नेला नाही, रस्ता केला नाही, ओढत नेण्यासाठी ट्रॅक्टर आणला नाही. हे मुद्दाम केलं, कारण लाकूडतोडीत माती उकरली जाते ती रस्त्यांमुळे आणि ओढाओढीमुळे, आणि इथे तो परिणाम बाजूला ठेवून फक्त जिवंत झाडं नसण्याचा परिणाम बघायचा होता. मग नवीन काही उगवू नये म्हणून १९६६ च्या उन्हाळ्यात ब्रोमासिल नावाचं तणनाशक फवारलं आणि पुढच्या दोन उन्हाळ्यांत २,४,५-टी. तीन उन्हाळे तो उतार असा उघडा ठेवला.

इथे थांबून एक बोलतो. २,४,५-टी हा व्हिएतनाम युद्धात जंगलांची पानं झडवायला फवारलेल्या एजंट ऑरेंजचा एक घटक होता, त्यात डायॉक्सिन या अतिविषारी रसायनाची भेसळ असायची आणि पुढे अमेरिकेत त्यावर बंदी आली. आज असा प्रयोग कोणी करू नये आणि करू देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण झालाय तो झालाय, आणि त्यातून जे कळलं ते वाया जाऊ देणं अजून वाईट.

निकाल. आधी पाणी. नंबर दोन न कापता तसाच राहिला असता तर किती वाहिला असता याचा अंदाज शेजारच्या न कापलेल्या पाणलोटावरून काढता येत होता, कारण तोडीच्या आधी कित्येक वर्षं दोघांचे प्रवाह शेजारी शेजारी मोजून त्यांचं नातं पक्कं केलेलं होतं. त्या अंदाजापेक्षा पहिल्या वर्षी ३९ टक्के पाणी जास्त आलं, म्हणजे साधारण ३३० मिलिमीटर. दुसऱ्या वर्षी २८ टक्के. मिलिमीटर म्हटलं की डोळ्यासमोर काही येत नाही म्हणून गुणाकार करून बघा, १५.६ हेक्टरवर ३३० मिलिमीटर म्हणजे ५ कोटी लिटरहून जास्त. एवढ्याशा तुकड्यातून, एका वर्षात, जास्तीचं. आणि ही वाढ आली कधी तर मुख्यतः जून ते सप्टेंबर, जेव्हा ओढा एरवी दोऱ्यासारखा असतो, तेव्हा तो अंदाजाच्या पाचपटीच्या आसपास वाहत होता. पिणारं कोणी उरलंच नव्हतं ना.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, अरे वा, झाडं काढली तर पाणी वाढतं, चांगलंच आहे. खरंच, त्या काळी पाण्याचं उत्पन्न वाढवायला जंगल पातळ करावं अशी चर्चा व्हायचीच. पण बाटलीतलं पाणी वेगळं सांगत होतं.

७ जून १९६६. या तारखेपासून नंबर दोनच्या सॅम्पलमध्ये नायट्रेट चढायला लागलं. शेजारच्या न कापलेल्या नंबर सहामध्ये त्याच दिवसांत नेहमीप्रमाणे ते उतरत होतं, कारण तिथे पालवी फुटली होती. इथे पालवी फुटणार कुठून. आणि तारीख महत्त्वाची आहे, कारण पहिली फवारणी त्यानंतर १६ दिवसांनी झाली. ब्रोमासिलच्या रेणूत नायट्रोजन असतो, त्यामुळे हे नायट्रेट औषधातूनच आलं असेल ही शंका कोणीही काढली असती, अगदी रास्त शंका, पण फवारणीच्या आधीच चढण सुरू झालेली होती. दर आठवड्याला न चुकता बाटली भरली नसती तर ही गोष्ट कधीच सिद्ध करता आली नसती. मला या प्रकरणातला सगळ्यात जीव लावावा असा भाग हाच वाटतो, कोणीतरी प्रत्येक आठवड्यात, काही होत नसतानाही, डोंगर चढून बाटली भरत होतं.

मग ते चढतच गेलं. तोडीच्या आधी लिटरला १ मिलिग्रॅमच्याही आत असायचं. पहिल्या वर्षी सरासरी ४१ पट झालं, दुसऱ्या वर्षी ५६ पट. १९६७ च्या शरद ऋतूत ८० मिलिग्रॅमच्या वर गेलं. पिण्याच्या पाण्यासाठी अमेरिकेत तेव्हा ४५ मिलिग्रॅमची मर्यादा होती, म्हणजे डोंगरातला ओढा, वर शेत नाही, घर नाही, खताचं पोतं नाही, आणि त्याचं पाणी प्यायला अयोग्य. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं प्रमाण चारशे टक्क्यांहून जास्त वाढलं, पोटॅशियमचं पंधराशे टक्क्यांहून जास्त. सल्फेट उलट कमी झालं. पीएच ५.१ वरून ४.३ वर आला, म्हणजे पाणी जास्त आम्लधर्मी झालं. विरघळून गेलेल्या सगळ्या घनपदार्थांचं वजन पहिल्या वर्षी चौरस किलोमीटरला ७५ टनांच्या हिशोबाने आणि दुसऱ्या वर्षी ९७ टनांच्या, म्हणजे न कापलेल्या उताराच्या ६ ते ८ पट. नंबर दोनच्या आकाराला लावलं तर दोन वर्षांत साधारण २७ टन माल त्या खाचेतून निघून गेला. आणि हा सगळा माल विरघळलेला, म्हणजे डोळ्याला न दिसणारा.

हे घडलं कसं ते जरा सावकाश सांगतो. मातीत पानं-मुळं कुजतात तेव्हा त्यातला नायट्रोजन अमोनियमच्या रूपात मोकळा होतो. अमोनियमवर धन भार असतो, मातीच्या कणांवर ऋण भार, त्यामुळे ते कणाला चिकटून राहतं, सहज वाहत नाही. जिवंत जंगलात झाडं आणि त्यांच्या मुळांवरच्या बुरशा ते चटकन उचलतात. आता झाडं गेली, उचलणारं कोणी नाही, वरून ऊन पडल्यामुळे माती गरम झाली, पाणी कोणी पीत नसल्यामुळे ओली राहिली, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंची चंगळ. अमोनियम साचायला लागलं, ते एका प्रकारच्या जिवाणूंनी खाऊन त्याचं नायट्रेट केलं. नायट्रेटवर ऋण भार, मातीचा कण त्याला धरत नाही, पाण्याबरोबर सरळ चालू पडतं. आणि ही क्रिया होताना हायड्रोजन आयन सुटतात, म्हणजे आम्ल तयार होतं. हे हायड्रोजन मातीच्या कणांवर जाऊन बसतात आणि तिथे आधी बसलेल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियमला उठवून लावतात. उठलेले नायट्रेटसोबत जोडीने ओढ्याकडे. म्हणजे एक नायट्रोजनची साखळी तुटली आणि तिच्यामागे बाकी सगळी शिदोरी ओढली गेली. जी शिदोरी जमवायला खडकाला झिजावं लागतं, कण कण, हजारो वर्षं.

आणि पाणी नितळ! हेच मी सुरुवातीला म्हणत होतो. पहिल्या दोन वर्षांत गाळ फारसा वाढलाच नाही. बंधाऱ्यामागच्या छोट्या तळ्यात साचलेला गाळ काढून मोजला जायचा, त्यात मोठी उडी नव्हती, कारण मेलेल्या झाडांची मुळं अजून मातीत जाळ्यासारखी पसरलेली होती, पाल्याचा थर जागेवर होता, पात्रात अडकलेल्या ओंडक्यांचे नैसर्गिक बांध शाबूत होते. मातीची पकड सुटायला वेळ लागतो. मुळं कुजली, पाला कुजून पातळ झाला आणि नवा पडला नाही, ओढ्यातले बांध सैल झाले, मग तिसऱ्या-चौथ्या वर्षाकडे गाळ झपाट्याने वाढला. क्रम बघा, आधी विरघळलेलं जातं, नंतर माती जाते. जो माणूस गढूळ पाण्याची वाट बघत बसेल त्याला कळेपर्यंत मोठं नुकसान होऊन गेलेलं असेल.

ओंडक्यांच्या बांधांबद्दल दोन ओळी, कारण ओढ्याचं पात्र म्हणजे नुसती पाणी वाहून न्यायची नळी नसते. डोंगरातल्या लहान ओढ्यात पडलेलं झाड, त्याला अडकलेल्या फांद्या, त्यांना अडकलेली पानं, असा जिना तयार होतो, पाणी पायरीपायरीने खाली उतरतं, प्रत्येक पायरीमागे डबकं, डबक्यात पानं थांबतात, कुजतात, किडे त्यावर जगतात. हबर्ड ब्रूकमध्येच एका ओढ्याच्या १७५ मीटर लांबीतले असे सगळे बांध काढून बघितले तर बारीक सेंद्रिय कणांचं वाहून जाणं कित्येक पटींनी वाढलं. आणि नंबर सहाच्या खालच्या बेअर ब्रूक नावाच्या ओढ्याचा अन्नाचा हिशोब मांडला तेव्हा दिसलं की त्यातल्या जिवांना मिळणाऱ्या ऊर्जेपैकी ९८ टक्क्यांहून जास्त काठच्या जंगलातून येते, पडलेल्या पानांतून आणि मातीतून आलेल्या पाण्यातून. ओढ्यात स्वतःचं असं जवळजवळ काहीच पिकत नाही, सावली इतकी दाट असते. नंबर दोनमध्ये सावली गेली, पाणी तापलं, वरून नायट्रेटचा खुराक, आणि एरवी स्वच्छ दगडांच्या त्या ओढ्यात हिरवं शेवाळ माजलं. पाण्याच्या रंगात नाही पण दगडांवर मात्र खूण दिसत होती, बघणाऱ्याला.

या प्रयोगावर टीका झाली आणि ती चुकीची होती असं मला वाटत नाही. कुठलाही लाकूडवाला जंगल तोडून वर तीन वर्षं तणनाशक मारत नाही, तेव्हा हे आकडे नेहमीच्या तोडीला लावता येत नाहीत. बरोबर आहे. म्हणून तिथेच पुढे वेगवेगळ्या तोडी करून बघितल्या, नंबर चारमध्ये १९७०, १९७२ आणि १९७४ अशा तीन टप्प्यांत पट्ट्यापट्ट्याने, नंबर पाचमध्ये १९८३-८४ च्या हिवाळ्यात अख्खी झाडं बाहेर काढून. तिथेही नायट्रेट वाढलं, पण कमी आणि थोड्या काळासाठी, कारण पुढच्याच उन्हाळ्यात कोवळं रान उगवून आलं आणि त्याने पोषण धरायला सुरुवात केली. म्हणजे तोडीइतकाच, माझ्या मते तर जास्तच, निर्णायक प्रश्न हा की तोडीनंतर लगेच काही उगवू दिलं जातंय का. नंबर दोन आपल्याला टोक दाखवतो, आणि टोक दिसल्याशिवाय मधलं समजत नाही.

या बाटल्यांतून अजून एक मोठी गोष्ट निघाली जी शोधायला कोणी गेलंच नव्हतं. आवकीचा हिशोब हवा म्हणून पाऊस तपासत होते, आणि पावसाचा पीएच चारच्या आसपास. आधी काही वर्षं हे नुसतं नोंदवलं गेलं, मग लक्षात आलं की हे कितीतरी दूरच्या वीजकेंद्रांच्या आणि कारखान्यांच्या धुराचं आम्ल आहे. उत्तर अमेरिकेतल्या ॲसिड रेनची, म्हणजे आम्लाच्या पावसाची, कहाणी या दरीतून पुढे आली, १९९० मध्ये स्वच्छ हवा कायद्यात ज्या दुरुस्त्या झाल्या त्यामागे इथल्या नोंदींचा मोठा वाटा होता. न कापलेल्या उतारांवरूनही कॅल्शियम हळूहळू धुऊन गेलं होतं, तेच, हायड्रोजन बसतो आणि कॅल्शियम उठतं, फक्त इथे आम्ल आकाशातून आलं. ऑक्टोबर १९९९ मध्ये नंबर एकवर हेलिकॉप्टरने सुमारे ४५ टन वोलॅस्टोनाइट, म्हणजे कॅल्शियम सिलिकेटचं खनिज, टाकलं गेलं, गेलेलं कॅल्शियम परत दिलं तर काय होतं ते बघायला. झाडांनी पुढची काही वर्षं जास्त पाणी प्यायलं आणि ओढ्यातून कमी पाणी आलं. मातीतला एक क्षार बदलला आणि खाचेतल्या पाण्याची उंची बदलली. तो विषय मोठा आहे, इथे एवढंच.

परत नंबर दोनकडे. १९६९ पासून फवारणी थांबवली आणि उताराला मोकळं सोडलं. रास्पबेरीची झुडपं आली, बर्च आले, आणि पिन चेरी ही रानटी चेरीची जात आली. या पिन चेरीचं मला फार अप्रूप वाटतं. तिच्या बिया जंगलाच्या मातीत दशकानुदशकं नुसत्या पडून असतात, वर दाट सावली असेपर्यंत हलत नाहीत, आणि झाडं पडून ऊन आलं, मातीत नायट्रेट वाढलं, की उठतात. म्हणजे जखम होण्याच्या आधीच मलम मातीत पुरून ठेवलेलं. झपाट्याने वाढतात, निसटून जाणारा नायट्रोजन पानांत धरतात आणि काही दशकांत मरून बाकीच्या झाडांना जागा देतात. तीन-चार वर्षांत नंबर दोनच्या ओढ्यातलं नायट्रेट पूर्वीच्या पातळीच्या जवळ आलं.

पाणीही उतरलं, पण ते पूर्वीच्या पातळीवर येऊन थांबलं नाही. आधी तिथे मेपल आणि बीच जास्त होते, आता पिन चेरी आणि बर्च, आणि या जाती तेवढ्याच पानांतून जास्त पाणी सोडतात. जो उतार उघडा असताना ५ कोटी लिटर जास्तीचं पाणी देत होता, तोच भरून आल्यावर, १९८० च्या दशकापासून, मूळ अंदाजापेक्षा थोडं कमी पाणी देऊ लागला.